वासराला पाणी बाधलं, रोपं ओल्यात वाळली

पार्श्वभूमी

ही घटना माझ्या मामाच्या घरची आहे, गेल्या एप्रिलमधली. गाव करवीर तालुक्यात, कोल्हापूरपासून गाडीनं अर्ध्या तासावर. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम घालत नाही, मामानंच सांगितलंय की लिही पण नाव नको, डेअरीवर चेष्टा व्हायला नको. मी शहरात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो, दरवर्षी परासरण म्हणजे ऑस्मोसिस फळ्यावर काढतो, बटाट्याच्या काचऱ्या मिठाच्या पाण्यात टाकून दाखवतो, आणि तरीसुद्धा हे प्रकरण डोळ्यासमोर घडत असताना मला पहिला तासभर काहीही सुचलं नव्हतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

घरात दोन म्हशी, एक एचएफ गाय आणि तिचं चार महिन्यांचं वासरू, कालवड. दूध जवळजवळ तोडलेलं, कडबा आणि पेंडेवर आलेली. शिवाय मामेभावानं यंदा पहिल्यांदाच ढोबळी मिरची करायची म्हणून परड्यात शेडनेट मारून रोपं घातलेली, कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याचा भुसा) ६ ट्रे, एका ट्रेला ९८ खाने. रोपं चार पानांवर आलेली, आठ-दहा दिवसांत लावणीला जाणार होती.

शुक्रवारी रात्री गावचा डीपी उडाला. शनिवार अख्खा गेला, रविवारीही दुपारी दोनपर्यंत लाईट नाही, म्हणजे मोटर नाही, म्हणजे हौदात पाणी नाही. त्यात शनिवारी घरातल्या सगळ्यांना इचलकरंजीला लग्नाला जायचं होतं. शेजाऱ्यानं विहिरीवरून घागरी आणून म्हशींना आणि गाईला पाजलं, पण वासरू गोठ्याच्या मागच्या बाजूला बांधलेलं, ते त्याच्या ध्यानात राहिलं नाही. त्याचीही काही चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पारा ३८ च्या पुढं आणि पोटात कोरडा कडबा. रोपांचंही तेच, कोकोपीट वाळून ट्रेच्या कडेनं सुटायला लागलेलं.

पहिला प्रश्न : लाल लघवी

रविवारी मी सहज जेवायला गेलेलो. दोनच्या सुमाराला लाईट आली, मोटर चालू झाली आणि घरात एकदम जत्राच, कोण भांडी घासतंय, कोण हौद भरतंय. भाचीनं (मामेभावाची मुलगी, आठवीत आहे) वासरापुढं बादली ठेवली. त्यानं ती संपवली, तिनं दुसरी ठेवली, तीही जवळपास संपवली. ती कौतुकानं सांगायलाही आली की बघा किती तहान लागलेली त्याला. आम्ही सगळे हसलो.

साडेचारला मामीनं हाक मारली. वासरू मान खाली घालून उभं, पोट टम्म, मागचे पाय थोडे थरथरत होते. आणि खाली फरशीवर लघवी, तिचा रंग कोकमाच्या आगळासारखा.

"आरं उन्हाळी लागलीया त्याला," मामा म्हणाला. आपल्याकडं हे अगदी सरळ आहे, उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली, लालसर झाली की उन्हाळी लागली, आणि उन्हाळीवर औषध काय तर पाणी, सबजा, ताक, परत पाणी. मामानं बादली आणलीसुद्धा. वासरानं चार घोट घेतले आणि तोंड फिरवलं, तेच त्याचं नशीब.

मी काय म्हणालो? मी म्हणालो गोचीड ताप असेल. म्हणजे अगदीच चुकीचं नव्हतं, गोचिडीतून जाणारा बबेसियाचा जंतू तांबड्या पेशी फोडतो आणि लघवी लाल होते, आपल्या भागात जनावराची लाल लघवी म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात आधी तेच येतं. पण मी ते अशा सुरात म्हणालो की "उद्या सकाळी डॉक्टरला दाखवू". इथं आमचा तासभर गेला.

कोणते पर्याय समोर होते

त्या तासात गोठ्यात बरीच चर्चा झाली, सगळी एकदम, त्यामुळं नीट क्रम लागत नाही. मामाचा पर्याय पाणी पाजत राहायचा. शेजाऱ्याचा पर्याय लिंबू-ताक. मामीचं म्हणणं आत्ताच्या आत्ता डॉक्टरला फोन लावा, "मी सांगतो तुम्हाला, ह्ये येगळं हाय, सकाळपातूर थांबायचं न्हाई" (आमच्याकडं बायकाही ‘मी सांगतो’, ‘मी आलो’च म्हणतात, वाचणाऱ्या पुणेकरांनी चूक समजू नये). आणि माझा पर्याय सकाळपर्यंत वाट बघायचा, जो आज विचार केला तर सगळ्यात वाईट होता, कारण मामाचं पाणी वासरानं स्वतःच नाकारलं होतं, माझा सल्ला मात्र सगळ्यांनी ऐकला असता, मास्तर म्हणून.

फरक पडला तो एका बारीक गोष्टीनं. भाचीनं ती लघवी काचेच्या बरणीत धरून ठेवलेली, म्हणे डॉक्टरांना दाखवायला. बरणी अर्धा-पाऊण तास ओट्यावर तशीच होती. मी उचलून उजेडात धरली तर खाली काहीच बसलेलं नाही. रक्त जसंच्या तसं लघवीत उतरलं असतं तर तांबड्या पेशी जड, त्या हळूहळू तळाला बसतात आणि वरचं पाणी निवळायला लागतं. इथं वरपासून खालपर्यंत एकसारखा पारदर्शक लाल रंग. म्हणजे पेशी नव्हत्याच, पेशी फुटून त्यातला रंग, हिमोग्लोबिन, रक्तात मोकळा झालेला आणि तो मूत्रपिंडातून गाळून बाहेर आलेला. पेशी आत, रक्तातच फुटतायत.

मग मी अंगाला हात लावला. गरम नव्हतं. कानाच्या आत, कासेजवळ, शेपटीखाली बघितलं, गोचीड एखाददुसरा. आणि डोक्यात एकदम ती दुसरी बादली आली.

फोन मामीनं आधीच लावला होता. मी हातात घेऊन डॉक्टरांना म्हणालो वासरू दोन दिवस तहानलेलं होतं, दुपारी दीड-दोन बादल्या प्यायलंय. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "आता थेंबभर पण पाणी देऊ नका, मी निघालो." मी हुशारी दाखवत विचारलं की मीठ-पाणी पाजू का, तर म्हणाले काही पाजू नका, ते झटके द्यायला लागलं तर श्वासनलिकेत जाईल.

वासराच्या आत काय चाललं होतं

इथं थोडं थांबतो, कारण सगळं प्रकरण याच्यावर फिरतं.

पेशीभोवती पडदा असतो, तो पाण्याला जाऊ देतो पण मीठ, साखर, प्रथिनं सहज जाऊ देत नाही. दोन्ही बाजूंना विरघळलेला माल सारखा नसेल तर पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडं जातं. शाळेच्या पुस्तकात याला समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी असे शब्द आहेत, पोरं पाठ करतात आणि पेपरात उलटे लिहितात. सोपं करून सांगायचं तर सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के मीठ लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम, कारण तेवढ्या खारट पाण्यात तांबडी पेशी फुगत पण नाही आणि सुकत पण नाही. नुसतं पाणी शिरेतून दिलं तर पेशी फुगून फुटतात, म्हणून ते कधीच देत नाहीत.

वासरानं शिरेतून नाही, तोंडानंच पाणी घेतलं, पण परिणाम त्याच दिशेचा झाला. मोठ्या गाईच्या कोठीपोटात भरपूर पाणी मावतं आणि रक्तात हळूहळू जातं. वासराचं कोठीपोट अजून पुरतं तयार नसतं, त्यात तहान, त्यामुळं पाणी भराभर आतड्यातून रक्तात. रक्त पातळ झालं. तांबडी पेशी मूळची मधे चेपलेल्या वड्यासारखी असते, थोडी फुगायला जागा असते, चेंडूसारखी गोल होईपर्यंत तग धरते, त्याच्यापुढं पडदा ताणत नाही, फाटतो. आणि हे मिनिटांत होतं, कारण या पेशींच्या पडद्यात पाण्यासाठी खास दारं असतात, ॲक्वापोरिन. ही दारं सापडली तीच मुळात तांबड्या पेशींवर काम करताना, आणि त्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण मला जास्त भीती मेंदूची होती. दोन दिवसाच्या तहानेत रक्त दाट होत जातं, मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जायला लागतं, म्हणून त्या पेशी स्वतःच्या आत जादा माल साठवतात आणि पाणी धरून ठेवतात. ही सोय तहानेसाठी चांगली. मग एकदम दोन बादल्या पाणी येतं, रक्त पातळ होतं, आणि आत साठवलेला माल काही तासाभरात बाहेर काढता येत नाही, त्यामुळं पाणी आत घुसतं. कवटी काही फुगत नाही. थरथर, झटके, आंधळ्यासारखं चालणं, हे सगळं त्यातून. त्यात तहानलेल्या शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन चढलेलं असतं, मूत्रपिंडाला जादा पाणी लगेच फेकायचं कळतच नाही.

माणसातही होतं हे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलेलं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम उतरलेलं होतं, आणि पळताना पाणी जास्त पिऊन वजन वाढलेल्यांना धोका जास्त दिसला. उंटाला मात्र काही होत नाही, तो एका दमात शंभर लिटरच्या घरात पाणी पितो आणि त्याच्या तांबड्या पेशी दुपटीहून जास्त फुगूनही फुटत नाहीत. आमचं वासरू उंट नव्हतं.

काय केलं

डॉक्टर साडेसहाला आले. टेम्परेचर घेतलं, नॉर्मल. हिरड्या बघितल्या, फिकट. एका ट्यूबमध्ये रक्त काढून खिडकीच्या कडेला उभं करून ठेवलं, थोड्या वेळानं रक्त गोठून वेगळं पाणी सुटलं, ते पिवळसर असायचं ते गुलाबी. दुसऱ्या ट्यूबमधलं रक्त बबेसिया बघायला लॅबला पाठवलं, तो रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, निगेटिव्ह. पण डॉक्टर रिपोर्टसाठी थांबले नाहीत, म्हणाले हिस्टरी बोलतीय.

शिरेतून दाट सलाईन दिलं, सात टक्क्यांच्या वरचं, थोडंच, आणि हळू. भाची बाटलीवरचं लेबल वाचत होती, ती म्हणाली काका ह्यात तर नेहमीच्या सलाईनपेक्षा आठपट मीठ आहे. बरोबर. रक्त परत दाट केलं की पेशींत घुसलेलं पाणी बाहेर यायला लागतं, मेंदूची सूज उतरते. बरोबर लघवी वाढवणारं इंजेक्शन. किती द्यायचं, किती वेगानं द्यायचं हा सगळा त्यांचा हिशोब, जनावराच्या वजनावर, आणि जोरात दिलं तर उलटं होऊ शकतं, त्यामुळं कुणी हे वाचून घरी उद्योग करू नये.

रात्री नऊला एकदा जोराचा झटका आला, वासरू आडवं पडलं, मामी रडायला लागली. साडेअकरापर्यंत ते उठून बसलं होतं. लघवी कोकमावरून कोऱ्या चहासारखी झाली, पहाटे पिवळी. पाणी सकाळी द्यायला सुरुवात केली, तांब्यानं, दर तासाला एक.

दुसरा प्रश्न : ओल्या ट्रेमधली मेलेली रोपं

आता ही गोष्ट इथं संपायला हवी होती. पण रविवारी संध्याकाळी, आम्ही सगळे गोठ्यात असताना, भावानं गुपचूप एक काम उरकलेलं. रोपं दोन दिवस सुकलेली बघून त्यानं पाण्याबरोबर टॉनिक म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) सोडलं. व्हॉट्सॲपवर कुणीतरी टाकलेलं की अर्धा किलो घ्या, आळवणी करा (म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओता). त्या मेसेजमध्ये पुढं लिहिलेलं, २०० लिटरच्या बॅरलला. ते त्यानं वाचलंच नाही, अर्धा किलो १५ लिटरच्या पंपात ओतून सहाही ट्रे भिजवले.

हिशोब करून बघा. २०० लिटरला अर्धा किलो म्हणजे लिटरला अडीच ग्रॅम. १५ लिटरला अर्धा किलो म्हणजे लिटरला ३३ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. म्हणजे वजनाच्या भाषेत बोलायचं तर मिरचीच्या बाळरोपांना त्यानं रत्नागिरीला समुद्रात उभं केलं.

सोमवारी सकाळी सात वाजता रोपं माना टाकून पडलेली. कोकोपीट दाबलं तर बोटातून पाणी गळतंय, आणि पान मात्र फडक्यासारखं लोंबतंय, कडा करपलेल्या. भावानं पानांवर थोडा फवारा मारून बघितला, मग वरवर झारीनं थोडं पाणी दिलं. काहीच नाही.

इथं पुन्हा निर्णयाची वेळ, आणि या वेळेला मी जागा होतो, म्हणजे झोप झाली नव्हती पण डोकं जागं होतं.

मामाचं मत, पाणी जास्त झालंय, मुळं कुजली, ट्रे उन्हात काढून वाळवा. हे मत वेडगळ नाही. ओल्यात रोप वाळलं तर मर रोग हा पहिला संशय, आणि तसं असतं तर वाळवणं आणि बुरशीनाशक हाच रस्ता होता. भाऊ म्हणाला सगळं फेकून नर्सरीतून तयार रोपं आणू. मी म्हटलं आधी एक रोप उपटून बघू. मूळ दाबून बघितलं, साल सुटून हातात येत नव्हती, घाण वास नव्हता, नुसती टोकं तपकिरी झालेली. आणि ट्रेच्या वरच्या बाजूला, खान्याच्या कडेला, पांढरा खर बसलेला, पिठासारखा. मग भावाला विचारलं काय घातलंस, तेव्हा पुडा बाहेर आला.

म्हटलं धू. भरपूर पाण्यानं, वरून ओत आणि खालून वाहू दे, तीनदा-चारदा.

तर मामी दारातूनच ओरडली, "काल पाण्यानंच वासरू जाता जाता ऱ्हायलं, आन आज परत पाणीच वतायला सांगतोस व्हय रं?"

मामीचा प्रश्न

या प्रश्नाचं उत्तर देताना मला वर्गात पंधरा वर्षं शिकवल्याचा पहिल्यांदा उपयोग झाला असं वाटलं.

रोपात उलटं झालेलं. मुळाच्या पेशीत जितका माल, त्याच्यापेक्षा बाहेरचं पाणी दाट, त्यामुळं पाणी मुळात जायच्या ऐवजी मुळातून बाहेर. ट्रेमध्ये पाणी आहे, पण रोपाला ते ओढता येत नाही, शिरोळकडच्या क्षारपड रानात ऊस पाण्यात उभा असून पिवळा पडतो त्याच्यात या कारणाचाही हात असतो. मी मामीला एवढंच म्हणालो की काकडीच्या कोशिंबिरीला मीठ घालून ठेवलं की काय होतं? "पाणी सुटतं." हां, तेच. मुळांनी पाणी सोडलंय. कैरीच्या फोडी मिठात घातल्या की दुसऱ्या दिवशी बरणीत रस दिसतो आणि फोड आक्रसते, ते पाणी कैरीतलंच. ती लगेच म्हणाली मग मीठ धुऊन टाकलं की झालं. मला अख्ख्या घरात पहिल्यांदा कुणाला समजलं असेल तर ते तिला.

पण तिची भीती राहिलीच होती, साध्या पाण्यानं रोपाच्या पेशी वासरासारख्या फुटणार नाहीत का. नाही फुटत, कारण झाडाच्या पेशीला पडद्याच्या बाहेर अजून एक भिंत असते, सेल्युलोजची. सायकलची नुसती ट्यूब पंपानं भरत गेलात तर फुगा होऊन फुटते, टायरमध्ये घालून भरलीत तर कडक होते. तांबडी पेशी म्हणजे टायर नसलेली ट्यूब. झाडाची पेशी टायरसकट. पाणी आत येतं, पडदा भिंतीवर दाबला जातो, भिंत उलट दाबते, आणि तिथं पाणी थांबतं. हा दाब काही किरकोळ नसतो, ५ ते १० बारपर्यंत सहज जातो, चारचाकीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो. कोवळं रोप लाकूड नसताना ताठ उभं राहतं ते याच दाबावर, आणि मान टाकतं ते दाब गेल्यावर. म्हणून जे साधं पाणी वासराला विष झालं तेच इथं औषध, आणि जे मीठ काल बाटलीतून औषध म्हणून चढवलं तेच इथं विष झालेलं.

दहा वाजता धुवायला सुरुवात केली. ट्रे विटांवर ठेवले म्हणजे खालून पाणी निघून जाईल, वर शेडनेट डबल केलं म्हणजे पानांतून पाणी कमी उडेल. दुपारी शेजारच्या गावातल्या नर्सरीवाल्याकडून पेनासारखा ईसी मीटर मागून आणला, पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून तो क्षार मोजतो. खालून गळणाऱ्या पाण्यात धरला तर आकडा ६ च्या वर. साधं पाणी अर्ध्याच्या आसपास. परत धुतलं, संध्याकाळी आकडा २ च्या आत आला तेव्हा थांबलो. एक सांगायला हवं, ईसी मीटर फक्त विजेचा भार असलेले क्षारांचे कण बघतो. १९:१९:१९ मध्ये नत्राचा काही भाग बहुतेक वेळा युरियाचा असतो, तो पाणी ओढायचं काम करतोच, पण मीटरला दिसत नाही. म्हणून आकडा उतरल्यावरही अजून एकदा पाणी सोडलं.

सोमवारी रात्रीचा कांदा

जेवणानंतर भाचीनं पंपात उरलेलं खताचं पाणी वाटीत आणलं. माझ्या बॅगेत कागदी फोल्डस्कोप (घडीचा सूक्ष्मदर्शक) असतोच. लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरचा गुलाबी पापुद्रा सोलला, पाण्याचा थेंब टाकून बघितलं, विटांच्या भिंतीसारख्या पेशी, प्रत्येक वीट काठोकाठ गुलाबी. मग एका कडेनं खताच्या पाण्याचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेनं टिश्यू पेपर लावून ओढून घेतला. दोन-तीन मिनिटांत गुलाबी रंग कोपऱ्यातून सुटायला लागला. भिंत जागच्या जागी, आणि आतला गुलाबी गोळा आक्रसून मधे, एखाद्या मोठ्या खोलीत कोपऱ्यात मुटकुळं करून झोपलेल्या माणसासारखा. याला रसाकुंचन म्हणतात.

मग साधं पाणी सोडलं. बऱ्याच पेशी परत भरल्या. काही भरल्या नाहीत, त्यांचा गुलाबी रंग पसरून फिकट झाला, म्हणजे पडदाच फाटलेला. भाची विचारत होती कुठल्या ट्रेमधली रोपं अशी आणि कुठली तशी. ते सकाळीच कळणार होतं.

निकाल

वासरू वाचलं. तीन-चार दिवस मलूल होतं, हिरड्या फिकट, कारण फुटलेल्या पेशी काही परत जोडल्या जात नाहीत, नवीन तयार व्हाव्या लागतात. डॉक्टरांनी मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला आठवड्यानं परत एकदा लघवी तपासली, ठीक निघाली. आता ते दीड वर्षाच्या कालवडीसारखं दांडगं दिसतं असं मामाचं म्हणणं, मला तरी वासरूच दिसतं.

रोपांपैकी पहिले दोन ट्रे पूर्ण गेले, पंप भरलेला असताना तिथंच सगळ्यात जास्त पडलेलं. मधल्या दोनात निम्मी उठली. शेवटचे दोन जवळपास सगळे तगले, फक्त लावणी आठवडाभर पुढं गेली. कमी पडलेली रोपं नर्सरीतून आणावी लागली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी ती पहिली बादली. वासराला निम्मा-निम्मा तांब्या करून, मधे पंधरा-वीस मिनिटं सोडून पाणी दिलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. भाचीला दोष देण्यात अर्थ नाही, तहानलेल्याला पोटभर पाणी पाजणं हे आपल्याकडं पुण्याचं काम, तिनं तेच केलं.

दुसरं, ‘उन्हाळी’ हा शब्द. एका शब्दात रोग पण आला आणि औषध पण आलं, त्यामुळं कुणी पुढं बघितलंच नाही. माझा ‘गोचीड ताप’ त्याच जातीचा, फक्त जरा शिकलेला. दोघांपैकी कुणीही ‘दुपारी ह्यानं काय खाल्लं-प्यायलं’ असं विचारलं असतं तर तासभर वाचला असता. डॉक्टर म्हणाले तो तास नशिबानं महागात पडला नाही.

तिसरं, सोमवारी सकाळी भावानं झारीनं दिलेलं थोडं पाणी. धुवायचं असेल तर वाहून जाईपर्यंत धुवायचं, नुसतं शिंपडलं तर वरचा खर विरघळून थेट मुळापाशी उतरतो आणि तिथंच बसतो. माझ्या मते पहिले दोन ट्रे रविवारच्या खतानं अर्धे गेले आणि उरलेले अर्धे त्या झारीनं, पण हे मी भावासमोर बोललेलो नाही.

आणि एका गोष्टीवर मामाचं आणि माझं अजून जुळत नाही. तो म्हणतो ट्रे वाळवले असते तरी चाललं असतं. नसतं चाललं, कोकोपीट वाळलं असतं तसं उरलेलं खताचं पाणी अजून दाट झालं असतं. पण बुरशी असती तर त्याचंच खरं ठरलं असतं, हेही तितकंच खरं, म्हणून उपटून मूळ बघायला लागलेली दोन मिनिटं मी त्या दिवसातली सगळ्यात उपयोगाची मानतो.

भावानं डॉक्टरांना नंतर विचारलं की वासराच्या पाण्यात रोज मीठ घालू का. ते म्हणाले पाण्यात नको, अंदाज चुकतो, आणि पाणी कमी पडलं की तेच मीठ बाधतं, चाटायची मिठाची वीट आणून बांधा आणि पाणी कायम समोर असू दे. वीट आणली, दावणीला टांगली. वासरू कधीतरी चाटतं. धाकटी म्हैस तिथनं हलतच नाही.